कार्बन फायबरच्या कचऱ्यातून धागा परत मिळवताना: ढिगापासून साच्यापर्यंत

कार्बन फायबरच्या धाग्यांना बांधून ठेवणारं रेझिन भट्टीत तापवून काढतात. भट्टीतून काढलेली पट्टी चिमट्याने एका टोकाला धरून उचलायची. ती काडीसारखी ताठ राहिली तर आत अजून कोळसा आहे. केसांच्या बटेसारखी खाली झुलली तर धागा मोकळा झालाय. या कामात नव्या माणसाला सगळ्यात आधी हीच परीक्षा शिकवतात, आणि पहिल्यांदा बट झुलली की त्याला वाटतं, जमलं! खरं तर जमलंय की नाही हे बरंचसं भट्टी तापण्याआधीच ठरलेलं असतं. ढिगात नेमकं काय होतं हे ठाऊक होतं का, आणि निघालेला धागा कशात जाणार हे कुणी ठरवलं होतं का, हे दोन प्रश्न आधी सुटले असतील तर भट्टीचं काम तसं सोपं आहे.

हा लेख प्रयोगशाळेतल्या किंवा छोट्या प्रायोगिक पातळीवरच्या कामासाठी आहे. म्हणजे एका खेपेला अर्धा-एक किलो माल, नायट्रोजन सोडता येईल अशी बंद भट्टी आणि निघणारा वायू जाळून टाकणारी यंत्रणा. एवढं नसेल तर भट्टीची पायरी सोडून बाकीच्या करा, त्यातही बराच कचरा मार्गी लागतो. उघड्यावर पत्र्याच्या डब्यात तुकडे जाळून 'धागा काढणं' मात्र करूच नका. अमाइन या रसायनाने पक्व, म्हणजे कडक, केलेलं इपॉक्सी रेझिन तापून तुटतं तेव्हा कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही निघू शकतो. वर धाग्याचे सुटे तुकडे हवेत उडतात ते वेगळंच.

एवढा खटाटोप कशासाठी? कार्बन फायबर बहुतांशी पॉलिॲक्रिलोनायट्राइलपासून बनतं. तो कच्चा धागा आधी २०० ते ३०० अंश सेल्सिअसला हवेत स्थिर करतात, मग हजार अंशांच्या पुढे नायट्रोजनमध्ये कार्बनरूप देतात. या प्रवासात निम्मं वजन उडून जातं, म्हणजे दोन किलो कच्च्या धाग्यातून जेमतेम किलोभर माल. त्यात ओतलेली ऊर्जा धाग्यातच गोठलेली असते. दुसरीकडे बोइंग ७८७ च्या रचनेत वजनाने निम्मा वाटा कम्पोझिटचा, म्हणजे रेझिनमध्ये बसवलेल्या धाग्याचा, आहे, एअरबस ए३५० मध्ये त्याहून थोडा जास्तच. ही विमानं मोडीत निघतील तेव्हाचं तेव्हा, पण ती बनवताना पडणाऱ्या कातरणांचा आणि मुदत संपलेल्या रोलांचा ढीग आजच समोर आहे. जमिनीत पुरला तर तो कुजत नाही. कचरा जाळणाऱ्या साध्या संयंत्रात धागा पुरता जळत नाही आणि धूर गाळणाऱ्या विद्युत जाळ्यांत जाऊन शॉर्टसर्किट करतो.

पायरी १: शेवट आधी ठरवा

हे उलटं वाटेल, पण सुरुवात इथूनच. मोकळ्या झालेल्या धाग्याला ढोबळमानाने तीन वाटा आहेत: बारीक दळून भरणी म्हणून, कापून प्लॅस्टिकच्या दाण्यांत, किंवा पसरून न विणलेल्या चटईच्या रूपात. यातली कुठली वाट धरायची यावर कापणीपासून तापमानापर्यंत सगळं अवलंबून आहे.

एक छोटा हिशोब करून बघू. धाग्यावर रेझिनमधून भार चढायला काही किमान लांबी लागते. ती काढायला धाग्याची ताकद गुणिले व्यास, भागिले रेझिन-धागा पकडीच्या दुप्पट. ताकद ३५०० मेगापास्कल, व्यास ७ मायक्रॉन, पकड ३० मेगापास्कल धरली तर उत्तर येतं ०.४ मिलिमीटर. साइझिंग, म्हणजे रेझिनशी पकड देणारा धाग्यावरचा पातळ लेप, नसलेला धागा पॉलिप्रोपिलीनमध्ये घातला आणि पकड १० वर आली, तर तेच उत्तर १.२ मिलिमीटर होतं. धाग्याची पुरी ताकद वापरायची तर लांबी याच्या कितीतरी पट हवी.

आता इंजेक्शन मोल्डिंगचा स्क्रू बघा. तो धाग्याला इतका चेचतो की बाहेर पडताना बहुतेक तुकडे अर्ध्या मिलिमीटरच्याही आत असतात. म्हणजे दाणेच बनवायचे असतील तर पन्नास मिलिमीटरचा लांब, नाजूकपणे सांभाळलेला धागा काढण्यात अर्थ नाही. सहा मिलिमीटर पुरे, तोही यंत्राच्या तोंडातून नीट आत जावा म्हणून. त्यापेक्षा पकड सुधारण्यावर कष्ट घ्या. उलट पिंजून चटई करायची असेल तर ४०-५० मिलिमीटर लांबी लागते. अशा मालाला श्रेडरमध्ये घालणं म्हणजे मुळावरच घाव.

पायरी २: ढिगाची ओळख

माझं प्रामाणिक मत: या कामातला सगळ्यात कसबी माणूस भट्टीपाशी नसतो, टेबलापाशी कात्री आणि मल्टिमीटर घेऊन बसलेला असतो.

ढीग आला की आधी चार वाटे करा. कोरडं कापड आणि दोऱ्याची कातरणं ही सगळ्यात मोलाची. त्यात रेझिन नाही, साइझिंग शाबूत आहे, ताकद नव्या धाग्याइतकीच. ती थेट कापून किंवा पिंजून वापरायची, भट्टीशी त्यांचा संबंधच नाही. तरीही 'सगळं एकदम घाला, सोपं पडतं' म्हणून ती भट्टीत गेलेली मी पाहिली आहेत, आणि दर वेळी जीव हळहळतो.

दुसरा वाटा पक्व न झालेल्या प्रीप्रेगचा, म्हणजे आधीच रेझिन भिनवलेल्या धाग्याच्या रोलांचा. हा माल साधारण उणे १८ अंशांना साठवतात आणि मुदत संपली की टाकून देतात. मुदत संपली म्हणजे तो निकामी झाला असं नाही. चिकटपणा कमी झालेला असतो, पण लहान चिपा कापून, साच्यात पसरून, दाबाखाली पक्व केल्या तर चांगली पाटी बनते. विमानाच्या भागाला चालणार नाही, यंत्राच्या झाकणाला उत्तम. इथे एक इशारा. प्रीप्रेगचा जाड गठ्ठा तसाच तापवू नका. पक्व होताना रेझिन स्वतः उष्णता सोडतं, ती गठ्ठ्याच्या पोटात अडकते आणि आत धुमसायला लागतं. पक्व करायचाच असेल तर एक-दोन थरांत पसरून.

तिसरा वाटा पक्व झालेल्या इपॉक्सी तुकड्यांचा. भट्टी खरी याच्यासाठी. चौथा थर्मोप्लॅस्टिक कम्पोझिटचा: नायलॉन, पीईईके वगैरे. तापलेल्या सोल्डरिंग गनचं टोक टेकवलं की हे मऊ पडतं, इपॉक्सी फक्त काळवंडतं. याचे तुकडे करून पुन्हा वितळवून दाबता येतात. रेझिन जाळून टाकणं म्हणजे चांगला माल फुकट घालवणं, कारण पीईईके तर धाग्याइतकंच महाग पडू शकतं.

आता मल्टिमीटर. काळा रंग दिलेलं ग्लास फायबर दिसायला हुबेहूब कार्बनसारखं असतं. कडेला पॉलिश पेपरने घासून धाग्याची टोकं उघडी करा आणि दोन्ही पिना दाबून धरा. कार्बन वीज वाहून नेतो, काच नाही. दोन्ही एकत्र विणलेले असतील तर काटा फसवतो, म्हणून घासलेली कड भिंगाखालीही बघा, काच चमकते. हे का महत्त्वाचं? साडेचारशे-पाचशे अंशांत काचेचा धागा आपली निम्म्याहून अधिक ताकद गमावतो आणि पुढे कार्बनमध्ये मिसळून राहतो. नंतर तो निवडून काढणं जवळपास अशक्य.

बाकी पाहुणे: वीज पडण्यापासून बचावासाठी लावलेली तांब्याची जाळी, ॲल्युमिनियम किंवा अरामिडचं मधुकोश, टायटॅनियमचे खिळे, सीलंट, रंग. धातू भट्टीत वितळत नाही पण पुढे कापणीच्या पात्यांचा बळी घेतो. पीव्हीसी फोम असलेला तुकडा दिसला तर बाजूला काढाच, त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो आणि भट्टीचं अस्तर खातो.

पायरी ३: कापणी, धूळ आणि वीज

पक्व पाटी डायमंड पात्याने, पाण्याच्या धारेखाली कापा. ते पाणी गाळल्याशिवाय गटारात सोडायचं नाही. एकाच दिशेच्या धाग्याची पाटी असेल तर हव्या त्या लांबीच्या पट्ट्या धाग्याला काटकोनात पाडा, लांबी आपोआप ठरते. विणलेल्या कापडाची पाटी शक्य तितकी मोठी ठेवा आणि धागा मोकळा झाल्यावर कापा. जाडी तीन-चार मिलिमीटरच्या वर असेल तर थर आधी फाकवून घ्या. कारण भट्टीच्या पायरीत सांगते.

कार्बन फायबर साधारण ५ ते ७ मायक्रॉन जाड असतं, त्यामुळे ते अख्खं फुप्फुसाच्या खोल भागात सहसा पोचत नाही. आरोग्याच्या निकषात ३ मायक्रॉनहून बारीक आणि ५ मायक्रॉनहून लांब धागा धोक्याचा मानतात. पण कापताना रेझिनची बारीक धूळ उडते, आणि भट्टीत जास्त जळालेला धागा बारीक होतो. म्हणून एफएफपी३ दर्जाचा मास्क, बंद गॉगल आणि पूर्ण बाह्यांचा अंगरखा. कातडीला खाज सुटली की चोळू नका. चोळल्याने तुकडे आत रुततात. गार पाण्याने धुवा, उरलेले चिकटपट्टीने उचला.

दुसरा धोका लोकांच्या डोक्यात येत नाही. हा धागा वीजवाहक आहे. हवेत तरंगणारी एखादी लव नियंत्रण पेटीत शिरली की शॉर्ट. मी स्वतः एक तापमान नियंत्रक असा गमावला आहे. पेटीच्या पंख्याला जाळी लावली नव्हती, चूक सर्वस्वी माझीच. सगळे पॅनेल सीलबंद हवेत, आणि साफसफाई झाडूने करायचीच नाही. बारीक फिल्टरचा, वाहक धुळीसाठी बनवलेल्या मोटरचा व्हॅक्युम वापरा. साध्या व्हॅक्युमची मोटर फार दिवस टिकत नाही.

पायरी ४: रेझिन कसं काढायचं

नुसतं दळणं सगळ्यात स्वस्त, पण त्यातून धागा-रेझिनची मिश्र पूड मिळते, भरणीच्या लायकीची. पायरोलिसिस म्हणजे प्राणवायूविना तापवून रेझिन तोडणं. उद्योगात हीच पद्धत सर्वाधिक रुळली आहे, पुढचा भाग तिच्यावर आहे. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठाने तापलेल्या वाळूच्या तरत्या थराची पद्धत विकसित केली. तिला रंग लावलेला, धातू अडकलेला, मिश्र कचरा चालतो, कारण धातू वाळूत खाली राहतो आणि धागा हवेबरोबर वर उडतो. बदल्यात धाग्याची ताकद बऱ्यापैकी घटते, ताठपणा मात्र टिकतो.

रसायनाने रेझिन विरघळवणं, म्हणजे सॉल्व्होलिसिस, धाग्याला सगळ्यात मायेने वागवतं. जपानच्या हिताची केमिकलने बेंझिल अल्कोहोल आणि ट्रायपोटॅशियम फॉस्फेट वापरून साधारण २०० अंशांना, साध्या दाबावर इपॉक्सी सोडवून दाखवलं. अतिक्रांतिक पाण्याने काम पटकन होतं, पण ३७४ अंश आणि २२ मेगापास्कलच्या वरचं भांडं ही प्रत्येकाच्या आवाक्यातली गोष्ट नाही. ॲसेटिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची कृती सोपी दिसते म्हणून हात शिवशिवतात. त्यातून परॲसेटिक ॲसिड तयार होतं आणि ते स्फोटक असू शकतं. रसायनतज्ज्ञ शेजारी नसेल तर तिकडे फिरकू नका.

पायरी ५: भट्टी

समजा ५०० ग्रॅम पाटी घेतली, आकारमानाने ६० टक्के धागा. धाग्याची घनता १.८, इपॉक्सीची १.२ धरली तर वजनाने धागा ६९ टक्के, म्हणजे सुमारे ३४६ ग्रॅम. रेझिन १५४ ग्रॅम. हे दोन आकडे वहीच्या वरच्या ओळीत लिहा, सगळी खेप यांच्यावर तपासायची आहे.

तुकडे स्टीलच्या जाळीच्या ट्रेवर एकाच थरात मांडा, एकावर एक रचू नका. भट्टीचे तापक उघडे नसावेत, माल बंद स्टीलच्या भांड्यात असावा, नाहीतर सुटा धागा तापकांना जाऊन चिकटतो. मग नायट्रोजन. भांड्याच्या आकारमानाच्या किमान पाच पट वायू सोडा. नीट मिसळत गेला तर प्रत्येक पटीला आतला प्राणवायू साधारण एक-तृतीयांशावर येतो आणि पाच पटींनंतर २१ टक्क्यांचा ०.१५ टक्क्याच्या आसपास उरतो. यात घाई केली तर तापलेले ज्वलनशील वायू आणि हवा एकाच भांड्यात येतात. पुढे काय होईल ते सांगायला नको.

मिनिटाला ५ ते १० अंश या गतीने ५०० ते ५५० अंशांपर्यंत न्या. साडेतीनशेच्या पुढे पांढरट-पिवळा धूर येऊ लागतो, ते रेझिन. हा धूर जाळणाऱ्या नळीतून गेलाच पाहिजे. त्यात फिनॉलसारखी संयुगं असतात आणि थंड पाइपात ती काळं, चिकट तेल होऊन बसतात. धूर थांबल्यावर तासभर धरून ठेवा.

इथे थांबून वजन केलं तर ३८५ ग्रॅमच्या आसपास भरेल. ३४६ पेक्षा वर जे आहे तो कोळसा. इपॉक्सीचा साधारण १५ ते ३० टक्के भाग उडून न जाता धाग्यांच्या मध्ये कोळसा होऊन बसतो आणि त्यांना एकमेकांना चिकटवून ठेवतो. पट्टी ताठ राहते ती यामुळे.

हा कोळसा काढायला हवा लागते, आणि खरी कसोटी इथे आहे. कोळसाही कार्बन, धागाही कार्बन. सुक्याबरोबर ओलंही जळतं. फरक एवढाच की कोळशाची रचना विस्कळीत असल्याने तो आधी पेट घेतो. त्या फटीतून काम साधायचं. आतला वायू पुन्हा नायट्रोजनने धुऊन काढा, तापमान ४५० ते ५०० अंशांच्या दरम्यान आणा आणि हवा हळूहळू, मोजून सोडा. अर्धा तास पुरतो, कधी कमी, कधी जास्त. ५५० च्या वर हवेत धागा स्वतःच झिजू लागतो. जाड पाटी नको म्हटलं ते यासाठी: वरचे थर झिजायला लागतात तरी पोटातला कोळसा तसाच असतो. पातळ थरांत दोन्ही एकाच वेळी उरकतं.

शेवटी वजन ३४६ च्या आसपास यावं. ३६० आलं तर कोळसा उरलाय. ३३० आलं तर साडेचार टक्के धागा जळाला. व्यासात म्हटलं तर ही घट अडीच टक्केही नाही, म्हणून 'एवढ्याने काय होतं' असं वाटतं. पण धागा सगळीकडून सारखा झिजत नाही, पृष्ठभागावर खड्डे पडतात आणि तुटतो तो नेमका त्या खड्ड्यापाशी. माझ्या मते चुकायचंच असेल तर थोडा कोळसा ठेवण्याच्या बाजूने चुकावं. जळालेला धागा परत येत नाही, कोळसा पुढच्या खेपेत काढता येतो.

भांडं २०० अंशांच्या खाली आल्याशिवाय उघडू नका.

पायरी ६: तपासणी

वजन आणि झुलणारी बट यानंतर सूक्ष्मदर्शक. साध्या प्रकाशाच्या दर्शकातही धाग्यांना चिकटलेली रेझिनची बेटं दिसतात. खड्डे बघायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागेल.

ताकदीसाठी एकेका धाग्याची ताण चाचणी, आयएसओ ११५६६ प्रमाणे. मध्ये खिडकी कापलेली कागदाची चौकट घ्यायची, खिडकीवरून एकच धागा सरळ ताणून दोन्ही टोकांना गोंदाचा थेंब, चौकट यंत्रात अडकवायची आणि मग तिच्या दोन्ही बाजू कात्रीने कापायच्या, म्हणजे भार फक्त धाग्यावर येतो. पांढऱ्या कागदावर काम करा, पंखा बंद, आणि धागा उचलताना श्वाससुद्धा जपून. असे किमान तीसेक नमुने. यात एक छुपी फसवणूक आहे: अशक्त धागे चौकटीवर चढवतानाच तुटतात, आणि मोजले जातात ते टिकलेले. सरासरी खऱ्यापेक्षा चांगली दिसते. म्हणून हाताळताना किती तुटले तेही लिहून ठेवा. टी३०० जातीचा नवा धागा ३५०० मेगापास्कलच्या आसपास असतो. नीट केलेल्या पायरोलिसिसनंतर त्यातला बराचसा भाग टिकतो आणि ताठपणा तर जवळजवळ पूर्ण.

पायरी ७: पुन्हा वापरात

भट्टीत साइझिंग उडून गेलेलं असतं. त्यामुळे धागा कापसासारखा फुलतो आणि जाईल तिथे चिकटतो. कापलेला असा माल दाणे बनवणाऱ्या यंत्राच्या तोंडाशी पूल बांधतो, आत जातच नाही. उपाय म्हणजे वजनाच्या एखाद टक्का इतकं पाण्यात मिसळणारं साइझिंग देऊन वाळवणं. इपॉक्सीसाठी इपॉक्सीचं, नायलॉनसाठी पॉलियुरेथेनचं. पॉलिप्रोपिलीनमध्ये मॅलेइक ॲनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रोपिलीन थोडं मिसळा, नाहीतर पकड येत नाही.

चटई करून बघायची असेल तर हा प्रयोग बादलीतही होतो. दहा लिटर पाण्यात थोडं हायड्रॉक्सिइथाइल सेल्युलोज विरघळवून पाणी किंचित दाट करा. त्यात सहा मिलिमीटर लांबीचा, साइझिंग न दिलेला २ ग्रॅम धागा टाका. साइझिंग दिलेला धागा इथे गुच्छ करून राहतो. मोठ्या पळीने सावकाश ढवळा, गोल गोल नाही, उलटसुलट. गोल ढवळलं की धागे एकमेकांत गुंतून दोऱ्या होतात. मग ३० बाय ३० सेंटिमीटरच्या जाळीवरून पाणी सोडा. वाळल्यावर चौरस मीटरला साधारण २२ ग्रॅमची काळी, विरळ चटई हाती येते. उजेडासमोर धरा: ढगाळ ठिपके म्हणजे धागा नीट सुटला नव्हता.

अशा अस्ताव्यस्त चटईत दाबाखाली आकारमानाने २०-३० टक्केच धागा बसतो. जास्त दाबलं तर धागे एकमेकांवर मोडतात. २५ टक्क्यांच्या पाटीचा ताठपणा हिशोबाने वीस-बावीस गिगापास्कल, हातात येतो तो त्याहून थोडा कमी. घनता १.३५, ॲल्युमिनियमच्या बरोबर निम्मी. झाकणं, आतली पॅनेलं, साच्यांचे आधार यांना ते पुरतं. याहून पुढे जायचं तर धागे एका दिशेत लावावे लागतात. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी पाण्याच्या धारेने तोकडे धागे समांतर बसवण्याची पद्धत विकसित केली आहे, त्यात धाग्याचं प्रमाण निम्म्याच्या वर नेता येतं.

प्रत्येक खेपेतला पन्नास ग्रॅम धागा पिशवीत बाजूला ठेवा. चिठ्ठीवर मूळ माल, तापमान, हवेत घालवलेली मिनिटं आणि तिन्ही वजनं लिहा. आणि या नव्या पाटीची जी कातरणं पडतील ती जुन्या ढिगात टाकू नका. त्यांच्यासाठी वेगळं पिंप, त्यावर ठळक 'दुसऱ्यांदा'. त्यातला धागा आता सहा मिलिमीटरचाही राहिलेला नाही, तो थेट दळायला जातो.